पाच घरांच्या चाव्या आणि देवळातल्या काकी

पत्र दापोली तालुक्यातल्या, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या एका वाडीतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या. टाळेबंदीत मुंबई सोडून नवऱ्यासह गावी आल्या आणि आता घरगुती खानावळ चालवतात. वाडीत चाळीस घरं, त्यांतली बावीस बंद. पाच चाकरमानी कुटुंबांनी आपल्या चाव्या यांच्याकडे ठेवल्या आहेत. वाडीतल्या एका विधवा काकींच्या घराची मागची भिंत गेल्या पावसात बसली, तेव्हापासून त्या देवळाच्या सभामंडपात झोपतात. यंदा जुलैतल्या एका रात्री मंडपात पाणी शिरलं तेव्हा ताईंनी एका बंद घराचं कुलूप काढून काकींना पडवीत झोपवलं. कुणीतरी मुंबईला कळवलं. मालक भडकले, "उद्या ती बाई हक्क सांगेल, तू भरून देणार आहेस का?" म्हणाले आणि चावी परत मागितली. मग विषय मुंबईच्या ग्रामस्थ मंडळापर्यंत गेला. वाडीलगतच्या आंब्याच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कातकरी कुटुंबालाही, बाग विकली म्हणून, निघायला सांगितलं आहे. एसटीच्या निवारा शेडमध्ये स्वतःशीच बोलणारा एक माणूस वर्षभर झोपतो आहे. मंडळ म्हणतं, वर्गणी काढून सगळ्यांसाठी मिळून एक हॉल बांधू. काहीजण म्हणतात, काकींना आश्रमात पाठवा. ताईंचे प्रश्न दोन: मी चूक केली का? आणि हॉलसाठी आग्रह धरू का?

ताई,

आधी कुलपाचंच बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय हे पत्र वाचताना जाणवलं. त्या रात्री दार उघडलंत ते योग्यच केलंत. साठीच्या पुढची बाई ओल्या फरशीवर बसून रात्र काढत असताना, खुंटीवर पाच घरांच्या चाव्या टांगून तुम्हाला झोप लागली असती, तर मला तुमची काळजी वाटली असती. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. उजाडल्याबरोबर मालकांना तुमचाच फोन जायला हवा होता. विश्वासाने ठेवलेल्या चावीची गोष्ट त्यांना तिसऱ्याच्या तोंडून कळली, ते त्यांना लागलं, आणि कुणालाही लागेल. तेव्हा आज फोन करा. "विचारायला हवं होतं, चुकलं" एवढं सरळ म्हणा. चावी मागितली आहे तर देऊन टाका. पण दार उघडल्याबद्दल माफी मागू नका.

आता त्यांच्या बोलण्यातली भीती. "उद्या ती हक्क सांगेल" हे वाक्य कोकणात घरोघरी ऐकू येतं, आणि त्याला कारण आहे. १९४८ चा कुळकायदा, खोती संपवणारा १९४९ चा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या काही वर्षांत कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांची पिढी ताठ उभी राहिली. ज्यांच्या गेल्या त्यांच्या घरात "कुणाला ठेवून घेऊ नका, कूळ लागेल" ही शिकवण राहिली. मुंबईत जन्मलेला नातूसुद्धा आज तेच बोलतो, सातबारा कधी पाहिलेला नसला तरी.

पण जमीन कसायला देणं वेगळं आणि घर राहायला देणं वेगळं. घरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तुमच्या वाडीला तो लागू होतो का, ते मात्र आधी वकिलाला विचारा. त्यात मालक आपलं घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देऊ शकतो. आपल्याकडे सगळे करतात तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार तो हाच. करार लेखी असला, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असला, तर मुदत संपल्यावर ताबा परत घेण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. हा कागद मालकाला निर्धास्त करतो आणि राहणाऱ्यालाही. मालक म्हणाले, "पैसे नकोत, राहू दे तोंडी," तरी तोंडी ठेवू नका. नाममात्र रक्कम लिहा आणि पावती द्या. तोंडी दिलेलं घर तोंडीच काढून घेतलं जातं, बहुतेक वेळा भर पावसात.

मालकांना आणखी एक गोष्ट सांगा, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. देवगडकडे माझ्या आजोळी मामांचं घर सहा वर्षं बंद होतं. उघडायला गेलो तेव्हा दार आत ढकलेना. माजघराच्या खांबावर वाळवीची मातीची रेघ जमिनीपासून आढ्यापर्यंत चढली होती. छपरावरचे दोन नळे, म्हणजे कौलं, सरकून पाणी नेमकं एका वाशावर पडत राहिलं होतं, आणि त्या वाशात मी बोट घातलं तर ते भिजलेल्या भाकरीत जावं तसं आत गेलं. शेजारचं घर त्याच साली बांधलेलं. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. रोज चूल पेटायची आणि धुराने वासे काळे ठिक्कर झाले होते. कीड लागलेली नव्हती. नळा सरकला की ती ओरडून कुणाला तरी चढवायची. कोकणातलं घर माणसाच्या वावरावर टिकतं. बंद घराला वर्षाकाठी दुरुस्तीचा खर्च येतोच, मग आत कुणी असलं तर बिघडलं कुठे, हे शांतपणे विचारा. गणपतीला आणि शिमग्याला घर हवं ही त्यांची गरज रास्त आहे. तिची सोय करारातच करता येते: देवघर, माजघर मालकांच्या ताब्यात, पडवी आणि मागची खोली राहणाऱ्याकडे, बारा महिने. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र "तेवढं देवळात जा" म्हणायचं नाही. ती अट असेल तर त्या घराचा नाद सोडा.

पण ताई, मला वाटतं तुम्ही सगळे एक प्रश्न उलट्या टोकाने धरताय. "काकींना ठेवायचं कुठे?" असं तुम्ही विचारता, मंडळ विचारतं, आश्रमवालेही तेच विचारतात. काकींचं स्वतःचं घर आहे. त्याची एक भिंत पडली आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलं आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा घेऊन गेलात, तेव्हा काकींनी पडवी शेणाने सारवून ठेवली होती आणि वळकटी घेऊन त्या पुन्हा देवळात गेल्या होत्या. मी या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. रात्रभर जीव मुठीत धरून बसलेली बाई पहाटे उठून कुणाची तरी पडवी सारवते आणि निघून जाते. ती कुणाच्या उपकारात राहायला तयार नाही. देऊळ सगळ्यांचं, म्हणून तिथे ती मिंधी नाही. हे ओळखलंत की पुढची वाट दिसते. तिला आधी विचारा, तेही चार माणसांत नको. तुम्ही दोघींनीच बसून विचारा: काकी, तुम्हाला कुठे राहायचंय? माझा अंदाज आहे, ती पडक्या घराकडे बोट करेल.

मग कागद पाहा. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा मिळतो, त्यात घर कुणाच्या नावे लागलंय ते कळेल. सासऱ्यांचं नाव असेल, दिरांचं असेल, नवऱ्याचंही असेल. नवऱ्याचा वाटा असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. अनेक गावांत नवरा गेल्यावर बाईची वारस नोंदच झालेली नसते. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन ती नोंद करून घ्या. भिंत पडली तेव्हा पंचनामा झाला होता का, तेही विचारा. झाला असेल तर त्याची प्रत मिळवा. नसेल तर आजच्या अवस्थेचे फोटो तारखेसह काढून तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. याचं कारण असं, की चिऱ्याचं घर कागदावर 'पक्कं' दिसतं आणि पक्कं घर असलेल्याचं नाव घरकुलाच्या यादीतून गळतं. ते राहण्याजोगं उरलेलं नाही, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असायला हवं.

घरकुलाचं थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून चालू आहे. मूळ अनुदान १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटरचं. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. राज्याची भर वेळोवेळी बदलते, ती पंचायत समितीत विचारा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना निघाल्या आहेत, यंदा कोणती चालू आहे तेही तिथेच विचारा. जागाच नसलेल्यांना जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. आपला किनारा असल्यामुळे सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची भानगड आहेच. म्हणून नव्या जागी नवं बांधण्यापेक्षा जुन्या जोत्यावर तेवढंच घर पुन्हा उभं करणं बहुधा सोपं जातं.

आणि आता मंडळाकडे येते, कारण या सगळ्यात घोडं अडतं ते पैशावर नाही. घरठाणाच्या सातबाऱ्यावर बावीस, तीस, कधी चाळीस नावं असतात. चुलते, पुतणे, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुलं. एक डोंबिवलीला, दुसरा नालासोपाऱ्याला, तिसऱ्याचा पत्ताच नाही. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मिळत नाही म्हणून मंजूर घरकुल परत गेलेलं मी पाहिलंय. हीच सगळी नावं तुमच्या मुंबईच्या मंडळात सभासद आहेत! मंडळाने काकींना वर्गणी नाही दिली तरी चालेल. सह्या द्याव्यात. "काकींनी जुन्या जोत्यावर राहतं घर बांधायला आमची हरकत नाही" एवढा मजकूर, आणि खाली प्रत्येकाची सही.

गणपती तीन आठवड्यांवर आलेत. वर्षात हेच दिवस असे असतात की सातबाऱ्यावरची बहुतेक नावं आपापल्या पायांनी वाडीत येतात, एकाच ओटीवर आरतीला उभी राहतात. गौरी यायच्या आत तालुक्याच्या वकिलाकडून मजकूर तयार करून ठेवा. तालुका विधी सेवा समितीकडे हे काम फुकट होतं. बाई असली की उत्पन्नाची अट लागत नाही, आणि विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. सही मागायला एकट्या जाऊ नका. वाडीत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोघांना सोबत घ्या, आणि काकींनाही, त्यांची इच्छा असेल तर. एखादे भावजी म्हणतील, "बघू, दिवाळीला." त्यांच्याकडे विसर्जनाआधी पुन्हा एकदा जा.

वर्गणी काढायचीच असेल तर तिचाही उपयोग आहे. घरकुलाचे हप्ते कामाचा टप्पा पूर्ण झाल्यावर, फोटो चढल्यावर येतात. हातात दमडी नसलेला माणूस जोतं घालतो आणि तिथेच अडकतो. जोत्यावर गवत उगवतं, मेस्त्री दुसरीकडे जातो, पाऊस येतो. मंडळाने पन्नास-साठ हजारांचा एक फिरता निधी ठेवला, मधला खर्च त्यातून केला आणि हप्ता आला की परत घेतला, तर तोच पैसा पुढच्या घराला वापरता येतो. श्रमदानही खरं करा: चिरे वाहणं, जुने नळे उतरवून धुणं, टेम्पोचं भाडं. गावचा सुतार दोन दिवस देत असेल तर ते लाखमोलाचं. घर उभं राहीपर्यंत काकींचा खर्च भागायला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये द्या. वय ६५ झालं असेल तर श्रावणबाळ योजनेचा. दरमहा १५०० रुपये मिळतात. थोडे आहेत, पण ते त्यांच्या खात्यात त्यांच्या नावाने येतील, आणि पडवी सारवून निघून जाणाऱ्या बाईला त्याचं मोल कळेल.

आश्रमाबद्दल. काकींनी स्वतःहून म्हटलं तर जरूर चौकशी करा. त्यांच्या न कळत ठरवू नका. वाडीतली बाई वाडीतून गेली की तिच्या वाट्याचा प्रश्न कायमचा मिटतो, हे काहींना सोयीचं असतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि अगदीच कुणी दाद देईना, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातलगाकडे जाणार आहे, त्याच्यावरही तो कायदा निर्वाहाची जबाबदारी टाकतो. पण कोर्टकचेरी सर्वांत शेवटी.

हॉलसाठी आग्रह धरू नका. हेतू चांगला आहे, मला पटतो. पण काकींना त्यांचं जोतं हवंय, कातकरी कुटुंबाला उठवणार नाही अशी जागा, आणि शेडमधल्या माणसाला आधी डॉक्टर. तिघांना एका छपराखाली आणून यातलं एकही मिळत नाही. दोन वर्षांनी त्या हॉलमध्ये लग्नाच्या खुर्च्या ठेवल्या जातील आणि काकी पुन्हा मंडपात.

कातकऱ्यांचं तुम्ही चार ओळींत आटोपलंत. "ते तसे फिरतेच लोक आहेत" असं लिहिलंत. रागावू नका, पण हे वाक्य मागे घ्या. ते फिरतात कारण दिवाळीनंतर इथे हाताला काम नसतं. कोळशाच्या, विटांच्या भट्ट्यांवर जातात, पाऊस लागायच्या आत परततात. चाकरमानीही पोटासाठीच गेले, त्यांना आपण फिरते म्हणत नाही. वाडी तीच, झोपडीची जागा बहुधा तीच, कधीकधी तीन पिढ्या. पाहणी उन्हाळ्यात होते तेव्हा घरी कुणी नसतं म्हणून नाव सुटतं, आणि नाव नाही म्हणून घर नाही.

बाग विकली म्हणजे झोपडी उठवता येते, असं नव्या मालकानेही धरून चालू नये. त्याच १९४८ च्या कुळकायद्यात शेतमजूर आणि कारागीर यांच्या राहत्या घराखालच्या जागेला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आहेत. १७ ब हे कलम वकिलाला दाखवून विचारा. कुटुंब तिथे किती वर्षं राहतंय याचा पुरावा आत्ताच गोळा करा: जुनं रेशनकार्ड, मुलांचा शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब. त्यांना कुणी चारशे-पाचशे रुपये देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर द्यायचा नाही, हे आज संध्याकाळी जाऊन सांगा. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. अशा जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन मोहीम सुरू झाली आणि तिच्यात घर २ लाखांचं धरलंय. पैसा आहे, जागेचा कागद हवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. २६ जानेवारीला आणि १ मेला ते भट्टीवर असतात, २ ऑक्टोबरला वाडीत असतात. त्यांना मागे दाराशी उभं करू नका, पुढे बसवा आणि त्यांच्याच तोंडून ऐका. आधी महिला ग्रामसभा होते, तिथे तुम्ही स्वतः बोला.

शेडमधला माणूस. तुम्ही रोज त्याला जेवण देता हे वाचून बरं वाटलं. त्याला घराआधी उपचार हवेत, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा भटकणारा आजारी माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं, २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ही ठाणे अंमलदाराची जबाबदारी आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आधी १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलून घ्या. नेतील तेव्हा तुम्ही नाही तर तुमचे यजमान सोबत जा, कारण त्याच्या ओळखीचा चेहरा तेवढाच आहे. तो काय पुटपुटतो ते आत्तापासून लिहून ठेवा. त्यात एखाद्या गावाचं, शाळेचं, स्टेशनाचं नाव निघतं, आणि त्यावरून घर सापडलेलं आहे. बरा होऊन परत आला तर? तेव्हा त्याला करार करून एक खोली द्यायला वाडी तयार आहे का, ते आत्ताच बोलून ठेवा.

याच कोड्यात असलेल्या रत्नागिरी-चिपळूणसारख्या शहरांतल्या वाचकांसाठी एकच सांगते. पत्ता नाही म्हणून कागद नाहीत आणि कागद नाहीत म्हणून घर नाही, ही गाठ सुटते. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो सांगेल त्या जागी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी, रात्री येऊन, तो तिथे झोपतो का हे पाहतो. आधारसाठी नगरसेवकाचं, गावात सरपंचाचं, ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. शहरी बेघरांच्या निवाऱ्याबद्दल नगरपरिषदेत विचारा. आधी कागद करा, मग यादीमागे लागा.

ताई, खानावळ सांभाळून हे सगळं तुमच्याच्याने होणार नाही, आणि एकटीने करूही नका. कागदांची पिशवी एकाने, मंडळाशी बोलणं दुसऱ्याने, कातकऱ्यांचं तिसऱ्याने, असं वाटून घ्या. तुम्ही काकींकडे लक्ष ठेवा. पाऊस उघडीपर्यंत त्या मंडपातच राहणार असतील तर वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधून घ्या आणि झोपायला एक बाज द्या, म्हणजे ओल अंगाला लागणार नाही. पुजाऱ्यांना सांगून आतल्या कोठीची कडी रात्री त्यांच्या हाती राहील असं बघा. आणि उद्या सकाळी त्यांच्या पडक्या भिंतीपाशी जाऊन चिरे मोजा. ते अजून तिथेच पडलेले असतील. ढिगावर झापं टाका आणि आकडा वहीत लिहून काकींची सही घ्या, कुणी बांधाला न्यायच्या आत.